फुकट टर्कीसाठी आणखी 90 डॉलर खर्च करायचे का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही एडिसनला, न्यू जर्सीत राहता, घरात तुम्ही दोघं, 7 वर्षांचा मुलगा आणि सध्या भारतातून आलेल्या सासूबाई. मुलाला शाळेतल्या मित्रांसारखं थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्की हा मोठा पक्षी भाजून जेवायचा अमेरिकन सण, घरी करायचंय. तुमच्या दुकानात 400 डॉलरची खरेदी झाली की 20 पौंडांपर्यंतची टर्की फुकट, तुमचे 310 झालेत. तर उरलेल्या 90 चं सामान भरून टर्की घ्यावी, का 3 डॉलर पौंडाने 5 पौंडांची हाडासकट टर्की ब्रेस्ट, म्हणजे नुसता छातीचा भाग, विकत आणावी?

माझं स्पष्ट मत, ब्रेस्ट आणा.

आधी जेवणारी माणसं मोजा. यंदा थँक्सगिव्हिंग 27 नोव्हेंबर 2025 ला आहे आणि तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे, सासूबाई महालक्ष्मीचं व्रत करतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे टर्की खाणारे तीनच, त्यातला एक लहान. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, हिशोब माणशी 1 पौंड कच्ची टर्की असा आहे, हाडं धरून. दुसऱ्या दिवशीच्या सँडविचसाठी दीड धरा, साडेचार पौंड झाले, विषय संपला. अमेरिकन फार्म ब्युरो ही शेतकऱ्यांची संघटना दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा खर्च काढतं ना, त्यात 16 पौंडांची टर्की 10 जणांसाठी धरतात आणि 2025 मध्ये तिचा सरासरी भाव 21.50 डॉलर निघाला.

आता इथे बरेच जण चुकतात. फुकट टर्की म्हणजे आपले वीसेक डॉलर वाचले असं वाटतं, पण तुमचे तेवढे वाचत नाहीत, कारण ती मिळाली नसती तर तुम्ही 15 डॉलरची ब्रेस्टच आणणार होता, म्हणजे तुमचा फायदा फार तर 15 चा. मग त्या 90 च्या सामानात जे एरवी घेतलंच नसतं ते 15 डॉलरच्या वर गेलं की तुम्ही तोट्यात. आणि खरं सांगा, तुमचा तांदूळ, तूरडाळ, आटा, मसाले सगळं इंडियन ग्रोसरीतून येतं, तर या दुकानात अजून 90 डॉलरचं घेणार काय? डिटर्जंट, पेपर टॉवेल, दूध, अंडी धरून 40-50 होतील, त्यापुढे चिप्स आणि ज्यूसच ट्रॉलीत पडणार.

बरं, टर्की आणली तरी ठेवणार कुठे? फ्रोजन टर्की फ्रीजमध्ये थॉ व्हायला, म्हणजे बर्फ सुटायला, 4-5 पौंडांना एक दिवस लागतो, म्हणजे 16 पौंडांची 4 दिवस खालचा कप्पा अडवून बसणार. शिजवल्यावर उरलेलं 3-4 दिवसांत संपवायचं नाहीतर फ्रीझ करायचं, आणि तुमचा फ्रीझर ओलं खोबरं, मेथी आणि फ्रोजन पराठ्यांनी भरलेला आहे. उरलेल्या टर्कीची बिर्याणी छान होते, पण तीन माणसं सलग किती वेळा खाणार हो. फेकलेलं मांस फुकट आलेलं असलं तरी ओव्हनचा गॅस आणि तुमचा वेळ गेलेलाच असतो.

कुणी म्हणेल, सेलमध्ये 99 सेंट पौंडाने 12 पौंडांची अख्खी टर्की 12 डॉलरला मिळते, ती ब्रेस्टपेक्षा स्वस्त. बरोबर आहे, आणि घरात डीप फ्रीझर असता तर मी तीच घ्या म्हटलं असतं. तो नाहीये.

मुलाला अख्खा पक्षीच टेबलावर हवा असेल तर 5 पौंडांचं चिकन भाजा, ते तिघांना भरपूर होतं आणि 3 डॉलर पौंडाने धरलं तरी खर्च तेवढाच.

पण एक आहे, उरलेल्या दिवसांत नेहमीच्याच खरेदीने 400 आपोआप झाले तर टर्की सोडू नका, फ्रोजनच्या फ्रोजन जवळच्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या ठिकाणी, नेऊन द्या, फक्त आधी फोन करून घेतात का ते विचारा.

पैसे खर्च करायचेच तर एक मीट थर्मामीटर घ्या, 15 डॉलरच्या आसपास मिळतो. सगळ्यात जाड भागात 165 फॅरनहाइट दिसलं की बाहेर काढा. ओव्हन एकच आहे, तेव्हा सासूबाईंची रताळी आधी वेगळ्या ट्रेमध्ये भाजून घ्या, मग ब्रेस्ट आत जाऊ दे.