मुलीला माग हवाय, पण कापड विणायचं नाही

प्रश्न: माझी मुलगी बारावी झाली. चित्रकला चांगली आहे. विणकामाच्या एका कार्यशाळेला जाऊन आली आणि तेव्हापासून विणकरच व्हायचं म्हणते. तेही कापड नाही, भिंतीवर लागतील अशा कलाकृती विणायच्या! तिचे बाबा म्हणतात, आधी चित्रकलेची पदवी घे, माग काय नंतरही शिकता येईल. यात पोट भरेल का? – एक आई

उत्तर: नमस्कार ताई. पोटाचं नंतर बोलू, आधी बाबांचं म्हणणं घेते, कारण तिथे माझं मत वेगळं आहे. चित्रकलेने तयार झालेली नजर कुठेही वाया जात नाही, पण माग मागे ठेवू नका. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, लावायचा म्हणजे शेकडो धागे एकेक करून वईतून (धागे वर-खाली करणारा भाग) आणि फणीतून (धागे सारख्या अंतरावर ठेवणारा कंगवा) ओवायचे. एक धागा चुकला की ती चूक कापडाच्या शेवटापर्यंत रेघेसारखी दिसत राहते. नवख्याचा हात ओळखायचा तर काठ पाहावेत. बाणा, म्हणजे आडवा धागा, जरा ओढून घातला की रुंदी विणता विणता कमी होत जाते. तो तिरका, थोडा सैल सोडून मग ठोकायचा, हे डोक्याला दोन मिनिटांत कळतं. बोटांना कळायला महिने जातात.

आता लेकीचं. ‘कापड विणायचं नाही’ हा हट्ट तिने सोडावा. विणकामातल्या नामवंत कलाकार ॲनी अल्बर्स यांनाही चित्रकलेचीच ओढ होती. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत मुलींना विणकामाकडे वळवलं जाई, म्हणून नाइलाजाने त्या मागावर बसल्या. त्यांचं १९३० चं पदविकेचं काम म्हणजे बेर्नाऊ इथल्या कामगार संघटनांच्या शाळेतल्या सभागृहासाठी भिंतीला लावायचं कापड. एका बाजूने आवाज शोषणारं, दुसऱ्या बाजूने सेलोफेनमुळे उजेड परतवणारं. शंभर टक्के उपयोगाची वस्तू! त्याच बाईंचं एकल प्रदर्शन १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने भरवलं, विणकामातल्या कलाकाराला तिथे मिळालेला हा पहिलाच मान. आपल्याकडच्या विणकर-कलाकार मोनिका कोरिया यांचं काम तिला जरूर दाखवा. त्या विणताना मध्येच फणी काढून टाकतात, मग ताण्याचे सरळ धागे मोकळे होऊन वाट्टेल तसे वळतात. फणी नेमकं काय करते हे हाताला पक्कं माहीत असल्याशिवाय ती काढायचं सुचत नाही.

अर्थात ‘ही कला की कारागिरी?’ हा प्रश्न तिची पाठ सोडणार नाही. त्याच संग्रहालयाने १९६९ मध्ये धाग्यांतल्या कामांचं मोठं प्रदर्शन केलं, तेव्हा शिल्पकार लुईझ बुर्ज्वा यांनी परीक्षणात लिहिलं की ही कामं सजावटीपलीकडे क्वचितच जातात. मला तो शेरा जरा कडक वाटतो. पोलंडच्या कलाकार मग्दालेना अबाकानोविच जुन्या दोरांचा सिसल (एक जाड वनस्पतीजन्य धागा) उसवून, रंगवून माणसापेक्षा मोठे आकार विणत आणि छतापासून टांगत. त्यांना सजावट म्हणायला कुणाची जीभ रेटणार?

आता पोट. नुसत्या गॅलरीतल्या विक्रीवर घर चालवणारे विणकर फार थोडे. बाकीच्यांचं उत्पन्न तुकड्यातुकड्यांनी जमतं: वास्तुरचनाकारांनी सांगितलेली भिंतीवरची कामं, कापड कंपन्यांसाठी नमुने, शिकवणं, आणि मधूनच विकलं गेलेलं स्वतःचं काम. अमेरिकी विणकर-कलाकार शीला हिक्स यांनी न्यूयॉर्कच्या फोर्ड फाउंडेशनच्या इमारतीसाठी भिंती भरणारी कामं केली आणि शेजारीच, साध्या लाकडी चौकटीवर, हाताएवढे तुकडे विणत राहिल्या. मोठ्या कामांतून पैसे आले तरी नवं काही शोधायची जागा ती चौकट होती. पहिली काही वर्षं ओढाताणीची जातील, हे मुलीला आत्ताच स्पष्ट सांगा. पाठ आणि खांदे दुखतात, हेही.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना टेक्स्टाइल डिझाइनचा निवडा, पण त्यात विद्यार्थी स्वतः मागावर किती तास बसतो ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी सगळं काम संगणकावरच होतं. चित्रकला तिला जोडीने चालू ठेवता येईल.

मोठा माग लगेच विकत घेऊ नका. चौकट पुरे. दर आठवड्याला एक छोटा तुकडा विणायचा, फसलेलाही फेकायचा नाही, आणि प्रत्येकाच्या मागे धागा कोणता, इंचाला किती, वेळ किती लागला हे लिहून ठेवायचं. प्रवेशाच्या मुलाखतीला हेच तुकडे न्यायचे, आणि पुढे कामाचा मोबदला ठरवताना वेळेच्या त्याच नोंदी काढायच्या.