पॅरासेटची प्रतिकृती: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या गुप्तहेर संघटनेने व्हॅडन हॉल येथील कार्यशाळेत तीन व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असत त्या निर्वात नळ्यांचा) एक छोटा मोर्स संच तयार केला. तो टिंब-रेषांचे मोर्स संदेश पाठवी आणि घेई. जर्मनव्याप्त युरोपातील हेरांच्या हाती गेलेला हा संच आज ‘पॅरासेट’ या नावाने ओळखला जातो. त्याची प्रतिकृती बांधू पाहणाऱ्यांच्या पत्रांत तोच तो गोंधळ वारंवार दिसतो, म्हणून काही उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : कोणते व्हॉल्व्ह लागतात आणि ते कुठे मिळतील?

रिसीव्हरसाठी दोन ६एसके७ आणि ट्रान्समीटरसाठी एक ६व्ही६ लागतो. त्यांच्या जागी सोव्हिएत बनावटीचे अनुक्रमे ६के३ आणि ६पी६एस चालतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली किंवा जुना बाजार येथे शोधावे. ‘लष्करी साठ्यातील, न वापरलेला’ अशी चिठ्ठी डकवून दुप्पट किंमत सांगणाऱ्याला आधी व्हॉल्व्ह टेस्टरवर लावून दाखवायला सांगावे. तेथेच बहुतेकांचे बोलणे संपते.

प्रश्न : व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर वापरला तर?

संच चालेल, पण त्याला प्रतिकृती म्हणू नये.

प्रश्न : घरातली २३० व्होल्टची वीज ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीतून) नेली की ३२५ व्होल्ट डीसी मिळतात आणि संचाला जवळपास तेवढेच लागतात. मग ट्रान्सफॉर्मरचा खर्च कशासाठी? एका व्हिडिओत असेच केलेले पाहिले.

हा प्रश्न मला इतक्या वेळा आला आहे की त्या व्हिडिओवाल्याची एकदा गाठ घालून द्यावी असे वाटते. तुमचे गणित बरोबर आहे. परंतु ट्रान्सफॉर्मर केवळ व्होल्टेज बदलण्यासाठी नसतो. तो तुमचा संच रस्त्यावरच्या विजेच्या तारांपासून अलग ठेवतो. तो वगळला की ब्रिजचे ऋण टोक, आणि त्याला जोडलेले संचाचे धातूचे पॅनेल, प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात डायोडमधून थेट फेजला जोडले जाते. प्लग उलटा घातला किंवा न्यूट्रल ओळखून जोडला, तरी यात काडीचाही फरक पडत नाही. त्यातच पॅरासेटची मोर्स चावी याच पॅनेलवर असते आणि संदेश पाठवताना तुमचे बोट सतत तिच्यावर असते. मूळ आराखड्यात हेडफोनही दुसऱ्या ६एसके७च्या प्लेटच्या (व्हॉल्व्हच्या उच्च व्होल्टेजच्या टोकाच्या) मार्गात थेट जोडलेला आहे, म्हणजे विजेचा उच्च दाब कानांपर्यंत पोहोचतो. घरात आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) असल्याचा दिलासा बाळगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की साधे आरसीसीबी एसी गळतीसाठी बनवलेले असतात आणि डीसी गळतीच्या वेळी त्यांच्यावर विसंबता येत नाही.

म्हणून चांगल्या वाइंडिंग करणाऱ्याकडून २५०-०-२५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर करून घ्यावा आणि त्यावर ६.३ व्होल्टचे, निदान २ अँपिअरचे वेगळे वाइंडिंग मागावे. तिन्ही व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) मिळून सुमारे १.०५ अँपिअर घेतात. हेडफोन प्लेटला थेट न जोडता मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालून त्याच्या दुय्यम बाजूलाच जोडावा, मग तो मूळ आराखड्याप्रमाणे नसला तरी चालेल. फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहिलेला भार उतरावा म्हणून त्यावर १०० किलोओहमचा, ३ वॅटचा रोधक कायमचा बसवावा, आणि संच बंद केल्यावरही मीटरने दाब शून्यावर आल्याची खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. एवढे केल्यावरही पहिल्यांदा वीज देण्यापूर्वी व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त केलेल्या एखाद्या जाणकाराला संच समक्ष दाखवावा. शॉक बसल्यानंतर आलेल्या पत्राला माझ्याकडे उपयोगी उत्तर नसते.

प्रश्न : संगणकाच्या जुन्या बोर्डावरचे क्रिस्टल लावले, सूर घसरत गेला आणि मग ते मेलेच. असे का?

६व्ही६ येथे थेट क्रिस्टल ऑसिलेटर म्हणून काम करतो, म्हणजे क्रिस्टलने ठरवलेल्या वारंवारतेची लहर स्वतःच निर्माण करतो, आणि अँटेनाला चार-पाच वॅट देतो. त्या इवल्याशा क्रिस्टलला एवढा प्रवाह सोसत नाही. ते तापते आणि शेवटी तडकते. जुन्या पद्धतीचे मोठे क्रिस्टल मिळवावे, अथवा प्लेटचा दाब उतरवावा.

प्रश्न : पाचच वॅट आहेत, तर परवाना लागतो का?

लागतो. केवळ ट्रान्समीटर बाळगण्यासाठीसुद्धा परवानगी लागते. संच पूर्ण झाल्यावर अर्ज करू असे म्हणणाऱ्यांची वर्षे अशीच जातात, म्हणून दूरसंचार विभागाच्या हौशी रेडिओ परीक्षेचा अर्ज आजच भरावा. परवान्याच्या तुमच्या श्रेणीला कोणत्या लहरी आणि किती शक्ती लागू आहे, हे जवळच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबात विचारून घ्यावे.

प्रश्न : उषा मेहतांच्या काँग्रेस रेडिओचा संच असाच होता का? शाळेच्या कार्यक्रमासाठी त्याची प्रतिकृती करून मूळ घोषणा हवेत ऐकवायची आहे.

नाही. पॅरासेट फक्त मोर्स पाठवतो, तर काँग्रेस रेडिओ हे १९४२ च्या ऑगस्टअखेरीपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडेपर्यंत ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईत जागा बदलत गुप्तपणे चाललेले, माणसाचा आवाज ऐकवणारे प्रक्षेपण होते. सिनेमातला सेट पाहून केलेल्या पेटीला प्रतिकृती म्हणणे मला मान्य नाही. मूळ आराखडा हाती असेल तरच तो शब्द वापरावा. राहिला घोषणेचा प्रश्न. त्या घोषणेत केंद्राची तरंगलांबी सांगितली जाई; ती ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, आणि ती जागा आज हौशी रेडिओच्या पट्ट्यातच येते. मात्र हौशी परवान्यावर जनतेसाठी प्रक्षेपण करता येत नाही, भाषण किंवा गाणेही वाजवता येत नाही. घोषणा सभागृहाच्या लाउडस्पीकरवरून ऐकवावी, आणि तत्पूर्वी मुख्याध्यापकांशी बोलून घ्यावे.