ग्राहक विचारतात : बिल ज्याचं, जबाबदारी त्याची

प्रश्न : लोअर परळच्या मॉलमधल्या एका मोठ्या दुकानातून ४,२०० रुपयांचा गडद निळा कुर्ता घेतला. पहिल्याच धुण्यात रंग सुटला. काउंटरवरची मुलगी म्हणते, ‘मी ब्रँडकडून आहे, स्टोअरची नाही.’ मॅनेजर म्हणतात, ‘फार तर क्रेडिट नोट देऊ’ (म्हणजे पैशांऐवजी त्याच दुकानात तेवढ्या रकमेची खरेदी करता येईल अशी चिठ्ठी). मी काय करू? – एक वाचक, दादर

उत्तर : ती मुलगी बहुधा खरंच सांगते आहे. अशा दुकानांत बरेच काउंटर ब्रँडना दिलेले असतात. तिथल्या विक्रेत्यांचा पगार ब्रँड देतो आणि टार्गेटही ब्रँडचंच असतं. माल परत घ्यायचा अधिकार तिला नसतो, तेव्हा तिच्याशी वाद घालू नका. पण तुमचा व्यवहार कुणाशी झाला हे बिलावरून ठरतं. बिलाच्या माथ्यावरचं नाव आणि जीएसटी क्रमांक पाहा (महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो). तिथे स्टोअरचं नाव असेल, तर ‘ब्रँडशी बोला’ हे उत्तर मान्य करू नका.

कुर्ता पुन्हा धुऊ नका, ड्रायक्लीनलाही देऊ नका. आतल्या शिवणीजवळ, जिथे उन्हाघामाचा संबंध येत नाही, तिथे ओला पांढरा सुती रुमाल आठ-दहा वेळा घासा. रुमालावर निळा डाग उतरला तर दिवसाउजेडी फोटो काढा. धुण्याच्या सूचनांच्या लेबलाचाही काढा. लेबलावर ‘फक्त ड्रायक्लीन’ असताना घरी धुतला असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते. बिल थर्मल कागदाचं असतं, काही महिन्यांत अक्षरं उडतात. त्याचा फोटो आजच काढून ठेवा.

आता क्रेडिट नोटविषयी. साइज बदलायचा असेल किंवा रंग आवडला नसेल, तर दुकानाचे नियम चालतात. माल सदोष असेल तर मात्र कायदा लागू होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पैसे हवे असतील तर क्रेडिट नोट घेऊन सही करू नका. मग ‘प्रकरण मिटलं’ म्हणायला दुकानाला आयती संधी मिळते.

फ्लोअर मॅनेजरना तोंडी सांगून थांबू नका. त्याच दिवशी स्टोअरच्या ग्राहक सेवेला ईमेल करा आणि प्रत ब्रँडला पाठवा. त्यात बिल क्रमांक, तारीख, टॅगवरचा कोड, रक्कम, दोष, ‘पूर्ण परतावा हवा’ ही मागणी आणि १५ दिवसांची मुदत एवढंच लिहा. संतापाचे परिच्छेद नकोत. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, मध्यस्थी करते. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तुम्ही राहता त्या भागातल्या आयोगाकडे जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रारीत स्टोअर आणि ब्रँड दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. आयोग कुर्ता प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो; तो पुन्हा धुऊ नका म्हटलं ते म्हणूनच.

प्रश्न : इतक्या महागड्या दुकानात हव्या त्या मापाचा शर्ट शोधून द्यायलाही कुणी का येत नाही? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : कारण वरचंच : काउंटरवरचा विक्रेता बहुधा एकाच ब्रँडचा असतो, दुकानाचा नाही. शेजारच्या ब्रँडचा शर्ट तुम्हाला काढून देण्यात त्या विक्रेत्याचा फायदा नसतो, त्या ब्रँडच्या स्टॉकची माहितीही त्याला नसते. सगळ्या मजल्याची माहिती असलेला दुकानाचा स्वतःचा माणूस जवळ हवा. ग्राहक याच सेवेसाठी जास्त पैसे मोजतो, आणि नेमकी तीच मिळेनाशी झाली आहे. यात दोष त्या उभ्या मुलांचा नाही, व्यवस्थापनाचा आहे. तोवर शर्टाचा टॅग घेऊन बिलिंग काउंटरवर जा आणि बारकोड स्कॅन करून दुसऱ्या शाखेत तुमचं माप आहे का, ते पाहायला सांगा. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा.

प्रश्न : मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही म्हणतात. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : नंबर द्यायची सक्ती नाही. बिलासाठी असा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दिली आहे. ‘छापील बिल द्या, नंबर देणार नाही’ असं शांतपणे सांगा. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे, त्याचीही तक्रार १९१५ वर करता येते.