रातकिडा कुठे बसलाय, ते आधी ऐका

गणपती गेले, पाऊस ओसरू लागला की माझ्याकडे येणारे प्रश्न एका सुरात किर्रर्र करू लागतात. यंदाही तसंच झालं. साउंड रेकॉर्डिंगच्या इतर शंका पुढच्या खेपेला. या वेळी फक्त किडे.

प्रश्न : ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी ओळखीच्यांच्या बंगल्याच्या अंगणात शॉर्टफिल्मचा प्रसंग शूट केला. बाप-लेकीचं बोलणं, संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. एडिटला बसलो तर बापाच्या क्लोजअपला रातकिडे कर्कश, लेकीच्या क्लोजअपला जवळजवळ शांत. काय चुकलं? (वर्तकनगर)

किडे होते यात काहीच चुकलं नाही. येऊरच्या अंगणात रात्री रातकिडे ऐकू आले तर प्रेक्षक दचकत नाही. दर कटला ते येऊ-जाऊ लागले की मात्र त्याचं बोलण्यावरचं लक्ष उडतं.

तुमचा घोळ बहुधा वेळेत आहे. साडेसहाला बापाची बाजू घेतली असेल आणि लाइट फिरवून दहाला लेकीची. तेवढ्यात अंगण बदलतं. तिन्हीसांजेला एक जथा थांबतो, दुसरा सुरू होतो. शिवाय गारवा वाढला की रातकिड्याच्या पंखांची घासण मंदावते. एका जातीच्या किर्रकिरीवरून तापमानाचा अंदाज बांधण्याचं सूत्र डॉल्बेअर नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडलं होतं. म्हणजे तोच किडा, तीच जागा, तरी साडेसहाचा आवाज दहाच्या आवाजाला जुळत नाही. त्यात माइकचं तोंड एका बाजूला झुडपाकडे आणि दुसऱ्या बाजूला भिंतीकडे असेल, तर विषयच संपला.

पुढच्या वेळी दोन्ही क्लोजअप पाठोपाठ उरका. कॅमेरामन लाइट फिरवायच्या नावाने कुरकुरेल, कुरकुरू द्या. वाइड शॉट कधीही घेता येतो. प्रत्येक बाजू झाली की माइक तिथेच, गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते माप) तोच, रेकॉर्डिंग चालू, आणि सगळं युनिट मिनिटभर पुतळा. चहाची किटलीसुद्धा हलता कामा नये. हा अ‍ॅम्बियन्स, म्हणजे त्या जागेचा नुसता आवाज, घेताना असिस्टंट डायरेक्टर घड्याळ दाखवतो. माझा आजवरचा अनुभव असा की ते मिनिट वाचवणारा पुढे डबिंगला दिवस घालवतो.

बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, कुठून धरायचा हे किडे ठरवतात. रातकिडे गवतात असतील तर वरून धरलेल्या बूमचं तोंड थेट त्यांच्याकडेच होतं. अशा वेळी फ्रेमखालून, तोंडाच्या रोखाने वर धरा. माइकसमोर आकाश येईल. मे-जूनमध्ये सिकाडा, म्हणजे झाडावर बसून कर्कश ओरडणारे मोठे किडे, ओरडत असतील तर उलट : वरून खाली धरा. आणि लेपल, म्हणजे कपड्यांना लावायचा छोटा माइक, लावाच. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. बूम ८० सेंटिमीटरवर आणि लेपल २० वर, म्हणजे १२ डेसिबलचा फायदा. तेवढा फायदा कुठलंही महागडं यंत्र देत नाही.

आता हातात असलेल्या फिल्मचं काय? कर्कश बाजू पुसत बसू नका. बापाच्या बाजूचा, संवाद नसलेला तुकडा शोधा आणि तो लेकीच्या शॉटखाली, किंबहुना अख्ख्या प्रसंगाखाली सलग अंथरा. शांत शॉटला किडे घालायचे हे ऐकायला उफराटं वाटतं, पण कट त्यानेच झाकले जातात.

प्रश्न : खारघरला तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांवरचा पॉडकास्ट करते. घरात एकच रातकिडा आहे आणि तो सापडत नाही. (खारघर)

तुमचे कान वाईट नाहीत. आवाजाची दिशा आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो, आणि ज्या पट्ट्यात रातकिडा ओरडतो तिथे ही ओळख कच्ची पडते. त्यात फरशी आणि भिंतींवरून आवाज उसळतो, म्हणून तो एकाच वेळी फ्रिजमागे आणि शू-रॅकखाली वाटतो. जवळ गेलात की गप्प होतो. पावलांची थरथर त्याला आधी कळते.

एकाच दिशेने जास्त ऐकणारा माइक घ्या, हेडफोन लावा, खोलीच्या मधोमध बसा आणि माइक टॉर्चसारखा सावकाश फिरवा. आवाज सर्वांत टोकदार झाला तो कोपरा. मग काचेचा ग्लास, खाली पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, आणि बाहेर कुंडीत. पण त्याआधी घरातले चार्जर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहा. एकदा मी अर्धी रात्र एका "रातकिड्या"मागे घालवली. तो लॅपटॉपचा अडॅप्टर निघाला.

प्रश्न : माझी आजी लग्नातले धवले गाते. आमच्याकडे आता तीच एक धवलारीण उरली आहे. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर ती श्वास घ्यायला थांबली की रातकिडे एकदम मोठे होतात. तिला स्टुडिओत न्यावं का? (घणसोली)

नेऊ नका. काचेच्या खोलीत हेडफोन लावून आजी गाईल, पण लग्नघरात गाते तशी गाणार नाही.

किडे मोठे होतात ते तुमच्या फोनमुळे. आवाज थांबला की फोन आपणहून गेन वाढवतो, गाणं सुरू झालं की कमी करतो. गेन हाताने ठरवता येईल असं रेकॉर्डिंग अ‍ॅप घ्या, किंवा छोटा रेकॉर्डर मागून आणा. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर हा ठेवा सोपवू नका.

दुपारी किडे कमी असतील, पण ठाणे-बेलापूर रस्त्याची घरघर असेल. मला विचाराल तर किडे परवडले. ते वरच्या पट्टीत असतात, ट्रकची घरघर मात्र आजीच्या खर्जातच घुसते. रात्री जेवणानंतर मधल्या खोलीत बसवा. परसाकडची खिडकी बंद, पंखा बंद, समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या. माइक तिच्या तोंडापासून हातभर, जरा खाली. दुसरा फोन अंगणात ठेवून नुसतं अंगण रेकॉर्ड करा. पुढे कुणाला गाण्याभोवतीची रात्र हवी असेल तर ती वेगळी हाताशी राहील. सुरुवातीला आजीलाच तिचं नाव, गाव, तारीख आणि हा धवला लग्नातल्या कोणत्या विधीचा, ते बोलायला सांगा. मूळ फाइल साफ करू नका. साफसफाई करायचीच तर प्रतीवर करा.

प्रश्न : शूटच्या आधी झुडपांवर कीटकनाशक फवारलं तर? (कोपरी)

नाही. किडे बाहेरून परत येतात, नटाचा घसा मात्र दोन दिवस बसतो. आणि येऊरचं जंगल हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे असलं काही करणं म्हणजे वनखात्याला आपणहून बोलावणं. दहा-वीस सेकंदांचा एकच टेक हवा असेल तर झुडपाजवळ पाय आपटून या, ते थोडा वेळ गप्प बसतील.

प्रश्न : ऐरोलीला खाडीच्या बाजूला मुलाखत घेताना डास माइकभोवती फिरत होते आणि लाइटवर पाखरांचा ढीग. (ऐरोली)

डासाची गुणगुण काही शे हर्ट्झची, माणसाच्या बोलण्याच्या ऐन पट्ट्यातली. ती नंतर निघत नाही, त्यामुळे तिथेच थांबवायला हवी. माइकला केसाळ विंडशील्ड घाला, म्हणजे डास माइकच्या जाळीपासून चार बोटं लांब राहतो. डास मारायची बॅट टेक चालू असताना कुणाच्याही हातात नको. तिचा तडतडाट मी एका मंत्र्यांच्या वाक्यावर ऐकला आहे.

पाखरांसाठी सेटपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला एक पांढराशुभ्र दिवा लावून ठेवा आणि सेटवरचे दिवे शक्य तितके पिवळसर ठेवा. निळसर प्रकाशाकडे किडे जास्त ओढले जातात. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते, त्या संध्याकाळी मात्र मुलाखत रद्द करून भजी खावीत.

प्रश्न : सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावलं तर किडे जातात, पण माणूस पाण्यातून बोलल्यासारखा वाटतो. (नेरूळ)

कारण तुम्ही अख्खी चादर धुतलीत, डाग एका कोपऱ्यात होता. साध्या रातकिड्याचा आवाज बहुतेक वेळा ४ ते ५ किलोहर्ट्झच्या अरुंद पट्टीत असतो. सॉफ्टवेअरमधला स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या दाखवणारं चित्र, उघडा, तिथे आडवी ठिपक्यांची रेघ दिसेल. तेवढीच पट्टी अरुंद फिल्टरने ४-६ डेसिबल खाली घ्या, आणि दुप्पट उंचीवर तिचंच भावंड दिसलं तर तेही. शून्यावर नेऊ नका. रुंद पट्टी कापली तर आपल्या भाषेचंच नुकसान होतं : स, श आणि चमच्यातला च याच भागात राहतात. "चार चमचे साखर" हे वाक्य फिल्टर लावून ऐका. साखरेतला "स" बोथट वाटला की हात आवरा.

सिकाडा असेल तर ही युक्ती चालत नाही. त्याच्या पोटाच्या कुशींवर पडद्यासारख्या दोन पट्ट्या असतात, त्या तो स्नायूंनी आत-बाहेर करतो आणि पोकळ पोट त्याचा भोंगा होतो. तो आवाज रुंद पट्ट्यात पसरतो. तिथे डबिंगच.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत रात्रीच्या अंगणाचा प्रवेश आहे. नेटवरून रातकिडे उतरवले, पण दिग्दर्शक म्हणतात, "हे आपले वाटत नाहीत." (नौपाडा)

दिग्दर्शकांचे कान चांगले आहेत. नेटवरच्या पुष्कळ फाइली अमेरिकेतल्या आहेत, आणि तिकडच्या रात्रीत केटीडिड नावाचा नाकतोड्याचा चुलतभाऊ आपलंच नाव घेत बसलेला असतो. तो ठाण्यात येणार कुठून? उपवनच्या बाजूला रात्री अकरानंतर रहदारी कमी झाली की तुम्हीच रेकॉर्ड करा. निदान चार मिनिटांचा सलग तुकडा घ्या. तीस सेकंदांचा फिरवत राहिलात तर तिसऱ्या फेरीला प्रेक्षकाला शिवण दिसते. स्पीकर प्रेक्षकांवर न रोखता विंगेत, पडद्याकडे तोंड करून ठेवा. आणि नट अंगणात पहिलं पाऊल टाकेल तेव्हा जवळचा किडा बंद करा, लांबचे चालू राहू देत. तो बसला, बोलू लागला, की दहा-बारा वाक्यांनी जवळचा पुन्हा सुरू.