जुन्या टेंपो ट्रॅव्हलरच्या टपावरील कॅरिअर: रंगाच्या आधी पाय पाहावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या फेऱ्या करून थकलेली २००४ सालची टेंपो ट्रॅव्हलर तुम्ही विकत घेऊन तिचे कॅम्परमध्ये, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीत, रूपांतर केले. टपावरचा लोखंडी कॅरिअर आधीच्या मालकाने बसवलेला असून तो जागोजागी गंजला आहे, आणि पावसात डाव्या बाजूच्या पलंगावर पाणी ठिबकते. तेव्हा हा कॅरिअर घासून रंगवावा, की मोडीत घालून नवा करून घ्यावा? माझ्या मते तो वाचवण्याजोगा आहे. मात्र तुम्ही काम रंगापासून सुरू करणार आहात आणि ते पायांपासून सुरू व्हायला हवे. पाइपावरचा गंज डोळ्यांना खुपतो, पण गाडी सडते ती कॅरिअरच्या पायांखाली, जिथे कोणाची नजर पोहोचत नाही.

तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात दिसते त्याप्रमाणे तुमच्या कॅरिअरचे आठ पाय टपाच्या कडेच्या पन्हळीत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गटरमध्ये, क्लॅम्पने आवळलेले आहेत. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा एकमेकांना जोडला जातो तो याच पन्हळीत, आणि त्या सांध्यावर सीलंटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या लवचीक लेपाचा, थर असतो. क्लॅम्पचा लोखंडी जबडा वर्षानुवर्षे हलत राहून रंग खरवडतो, त्याखाली माती साचते, ती माती पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस ओल धरून ठेवते, आणि मग सांध्यातला सीलंट तडकून पाणी आतल्या पोकळीत उतरते. तिथून ते पत्र्याच्या आतल्या अंगाने वाहत जाऊन सोयीच्या जागी ठिबकते. म्हणून पलंगाच्या नेमके वर भोक शोधण्यात वेळ घालवू नये.

गळती शोधायला दोन माणसे लागतात. आतले अस्तर काढून एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने शिडीवरून, नळीला फवारा न लावता, बारीक धारेने एकेका पायाशी दहा-दहा मिनिटे पाणी सोडावे. सुरुवात पन्हळीच्या उताराच्या टोकाकडून करावी, नाहीतर वरून वाहत आलेले पाणी पुढच्या सगळ्या पायांवर संशय आणते. हे काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या गाडीत आठांपैकी फक्त दोन पाय दोषी निघाले होते आणि मी आधी सगळ्या टपावर वॉटरप्रूफिंग फासून बसलो होतो.

कॅरिअर खाली उतरवूनच काम करावे. उतरवण्यापूर्वी प्रत्येक पायावर आणि त्याच्या जागेवर एकच क्रमांक घालावा, कारण जुनी पन्हळ कुठेच सरळ नसते आणि प्रत्येक पाय आपापल्या जागेप्रमाणे वाकलेला असतो. धरलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. तरीही नट सुटला नाही तर ग्राइंडरने कापावा, पण त्याआधी काचांवर ओले गोणपाट टाकावे; ठिणग्यांनी काचेला पडलेले काळे ठिपके जन्मभर निघत नाहीत. टपावर असतानाच वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्या कारागिराला नम्रपणे नकार द्यावा. एका गॅरेजमध्ये मी तसे करू दिले आणि टपाखालचा फोम धुमसू लागला. आग लागली नाही ते केवळ पाण्याची बादली जवळ होती म्हणून.

आता पाइप. लहान हातोडीने प्रत्येक पाइप इंच-इंच वाजवत जावे. शाबूत पाइप टणटणतो; आतून खाल्लेला बद वाजतो, आणि तिथे जाड स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबले की आत जाते. खालची चौकट आणि वेल्डिंगच्या लगतची बोटभर जागा विशेष तपासावी, कारण उघड्या टोकांतून शिरलेले पाणी खालच्याच पाइपात साचते. माझ्या कॅरिअरच्या खालच्या पाइपाला ड्रिलने भोक पाडले तेव्हा चहाच्या रंगाचे पाणी निघाले, आणि तेही एप्रिलमध्ये. बद वाजणारा तुकडा कापून, आत घट्ट बसेल असा पाइपाचा आधार घालून नवा तुकडा जोडावा. वरून पट्टी ठोकणे म्हणजे गंजावर पांघरूण घालणे होय. शेवटी उघडी टोके बंद करावीत आणि खालच्या चौकटीच्या सर्वांत खोल जागी पाच मिलिमीटरची निचऱ्याची भोके ठेवावीत. नवा तुकडा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपाचा असेल तर वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप भरू शकतो.

मोडीत घालून ॲल्युमिनियमचा कॅरिअर करावा का, हेही तुम्ही विचारले आहे. २५ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा आणि दोन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप मीटरला साधारण १.१ किलो भरतो. तुमच्या मापाच्या कॅरिअरला अंदाजे ३६ मीटर पाइप लागला असेल, म्हणजे पाय आणि क्लॅम्प धरून ४५ किलोच्या आसपास. ॲल्युमिनियममध्ये वजन बरेच वाचेल, पण त्याचे वेल्डिंग सर्वांना जमत नाही, आणि ॲल्युमिनियम जिथे लोखंडी क्लॅम्पला ओलाव्यात टेकते तिथे तेच झिजू लागते. एवढ्यासाठी चांगली चौकट मोडू नये. कॅरिअर लांब-रुंद करण्याचा मोहही टाळावा. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या, वाहनातील बदलांविषयीच्या कलम ५२ च्या कक्षेत येतो.

रंगाबाबत माझे मत ठाम आहे. नुसता रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट हे खिडकीच्या गजांना ठीक. कोकणात समुद्रकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीला ते दोन पावसाळेही पुरत नाही. शक्य असेल तर सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूच्या झोताने गंज उडवून, त्याच दिवशी जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर मारावा आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात द्यावेत, कारण इपॉक्सी उन्हात भुकटते. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंगाला हात लावू नये. पुण्यात असाल तर दिवाळीनंतरचे दिवस सर्वोत्तम. गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ करणे याहून टिकाऊ, पण सुमारे ४५० अंशांच्या जस्तात बंद पाइप बुडवला तर आतली वाफ तो फोडू शकते. तो मार्ग घेणार असाल तर टोके आधी बंद करू नयेत आणि हवेची भोके कुठे पाडायची हे कारखान्यालाच विचारावे.

कॅरिअर खाली असताना पन्हळ पूर्ण उघडी करावी. जुना सिलिकॉन शेवटच्या कणापर्यंत काढावा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन लोखंडाला गंजवतो आणि त्यावर रंगही धरत नाही. सडलेला पत्रा कापून नवा बसवल्यावर प्रायमर, मग पीयू सीलंट, मग रंग, हाच क्रम ठेवावा. पायांखाली टायरच्या ट्यूबचे तुकडे घालण्याऐवजी ईपीडीएम या ऊन-पावसात टिकणाऱ्या रबराचे पॅड घालावेत आणि प्रत्येक पायाची बैठक हातभर लांब करून घ्यावी, म्हणजे भार एका बिंदूवर येणार नाही. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, असावेत, सगळे थोडे-थोडे आळीपाळीने आवळावेत आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. जोराचा ब्रेक लागला की १०० किलो सामान या पायांना ७०-८० किलोच्या जोराने पुढे ढकलते, हे सामान चढवताना लक्षात ठेवावे. पाण्याचे कॅन टपावर नकोतच.

वेगात आडव्या पाइपांची शिट्टी वाजू लागली तर पुढच्या दोन पाइपांवर सुतळीएवढी जाड नायलॉन दोरी नागमोडी न गुंडाळता मळसूत्रासारखी, मोकळ्या वेढ्यांनी गुंडाळावी. आवाज बराचसा बंद होतो. आणि कॅरिअर बसवून झाल्यावर जमिनीपासून सर्वांत उंच टोकापर्यंतची उंची मोजून ती चालकासमोरच्या सनव्हायझरवर लिहून ठेवावी. रेल्वेखालच्या बोगद्यापाशी मागे वाहनांची रांग लागलेली असताना हा आकडा आठवत नाही.