वाचकांचे प्रश्न : निवासी शाळेची निवड हुकली, आता पुन्हा अर्ज करावा का?

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि. आम्ही यावल तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहोत. माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून पाचवी उत्तीर्ण झाला असून त्याचा जन्म ऑगस्ट २०१५ चा आहे. यंदा त्याने सैनिक शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा दिली. त्याला ३०० पैकी १८६ गुण पडले : गणितात १५० पैकी ८४, आणि प्रत्येकी ५० गुणांच्या बाकी विषयांत भाषा ४२, बुद्धिमत्ता ३८, सामान्यज्ञान २२. सातारा आणि चंद्रपूर या दोन्ही शाळांच्या यादीत त्याचे नाव आले नाही. जळगावच्या एका खासगी क्लासचे चालक म्हणतात, की मुलाला वर्षभर त्यांच्या वसतिगृहात ठेवा, शाळेत नाव फक्त पटावर राहू द्या, पुढच्या वर्षी निवड नक्की. मुलाचे आजोबा म्हणतात, की नशिबात नव्हते, विषय संपवा. आम्ही काय करावे?
— एक पालक, ता. यावल, जि. जळगाव

उत्तर : वर्ष संपले, असे समजण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. सैनिक शाळांचे प्रवेश आता ऑनलाइन समुपदेशनातून, म्हणजे गुण आणि पसंतीक्रम पाहून होणाऱ्या जागावाटपातून होतात आणि त्याच्या एकाहून अधिक फेऱ्या होतात. वैद्यकीय तपासणीत काही मुले गळतात, काही पालक मिळालेली जागा सोडतात आणि त्या जागा पुढच्या फेरीत येतात. शिवाय प्रत्येक शाळेतील ६७ टक्के जागा त्या राज्यातील मुलांना आणि ३३ टक्के बाहेरच्या राज्यांतील मुलांना असल्यामुळे पसंतीक्रमात केवळ सातारा आणि चंद्रपूर भरून थांबणाऱ्यांचे दार उगीचच अरुंद होते. आपण सर्व फेऱ्यांत भाग घेतला होता का आणि पसंती किती शाळांना दिली होती, हे आधी पाहावे.

आता पुन्हा अर्ज करण्याविषयी. सहावीसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्च रोजी मुलाचे वय १० ते १२ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. आपल्या मुलाचे वय ३१ मार्च २०२७ रोजी ११ वर्षे ७ महिने भरेल, म्हणजे नियमाने त्याला आणखी एक संधी आहे. हाच मुलगा ऑगस्ट २०१४ चा असता, तर ती मिळाली नसती. जन्म नेमका कोणत्या महिन्याचा, यावर इथे सारे ठरते, आणि म्हणूनच गावोगावी नवा जन्मदाखला काढून देणारे ‘जाणकार’ भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. शाळेच्या रजिस्टरमधील, आधारवरील आणि दाखल्यावरील तारीख पडताळणीत जुळली नाही, तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो, आणि ती विसंगती पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत मुलाचा पाठलाग करते.

संधी आहे म्हणून ती घ्यावीच, असे मात्र नाही. पुढच्या जानेवारीत परीक्षा देताना मुलगा सहावीत शिकत असेल आणि निवड झाली तर जून २०२७ नंतर त्याला पुन्हा सहावीतच बसावे लागेल. वर्ग एक वर्षाने मागे जाणे ही या दुसऱ्या प्रयत्नाची खरी किंमत आहे, आणि क्लासचे चालक ती सहसा सांगत नाहीत. दुसरी वाट नववीच्या प्रवेशाची आहे. तेथे ३१ मार्च रोजी वय १३ ते १५ वर्षे आणि आठवी उत्तीर्ण, अशी अट आहे. आपला मुलगा सरळ शिकत गेला तर २०२९ मध्ये तो १३ वर्षे ७ महिन्यांचा असेल आणि एकही वर्ष न गमावता नववीसाठी बसू शकेल. नववीच्या जागा सहावीच्या मानाने थोड्या असतात आणि परीक्षाही कठीण असते. १५० प्रश्न, ४०० गुण, त्यांतले २०० गणिताचे, आणि मुख्य म्हणजे प्रश्नपत्रिका इंग्रजीतच येते. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, नववीची नाही.

माझे मत स्पष्टच सांगतो. मुलाला अडवून ठेवणारी तयारी करू नये, पण सहावीत शिकत असतानाच जानेवारीची परीक्षा पुन्हा द्यावी आणि त्याच अभ्यासाचा पाया नववीच्या प्रयत्नासाठी धरावा. निवड झाली तर एक वर्ष मागे जायचे की नाही, हा निर्णय तेव्हा मुलाला सोबत घेऊन करावा. अकरा वर्षांच्या मुलाला आपले सोबती सातवीत गेलेले आणि आपण सहावीतच, हे किती लागेल याचा अंदाज घरातील मोठ्यांना नसतो, आणि काही मुलांना ते मुळीच लागत नाही. आपल्या मुलाचे काय आहे, हे त्यालाच विचारावे.

दुसरा प्रयत्न पहिल्यासारखाच केला तर निकालही साधारण तसाच लागतो, म्हणून गुणपत्रिका नीट वाचावी. प्रत्येक विषयात किमान २५ टक्के आणि एकूण ४० टक्के ही अट आपल्या मुलाने सहज ओलांडली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ही अटही लागू नसते. पण पात्र ठरणे आणि निवड होणे यांत मोठे अंतर आहे, कारण निवड गुणानुक्रमे होते. भाषेत ४२ गुण म्हणजे तिथे मिळवण्यासारखे फार उरलेले नाही. गणितात ५० प्रश्नांपैकी २८ बरोबर आले आणि प्रत्येक प्रश्न ३ गुणांचा असल्यामुळे ६६ गुण गेले, तर सामान्यज्ञानात २८ गेले. सामान्यज्ञान सुधारायचे म्हणून वर्षभर चालू घडामोडींच्या पुस्तिका पाठ करून घेणारे पालक मी पाहतो. त्यातून पाच-सात प्रश्न वाढले तर दहा-चौदा गुण मिळतात, आणि गणिताचे तेवढेच प्रश्न वाढले तर पंधरा-एकवीस. प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, सरासरी, घनफळ हे घटक मराठी शाळेतील पाचवीच्या मुलाला अनेकदा प्रथमच या परीक्षेत भेटतात. त्याची २२ उत्तरे कोणत्या घटकांत चुकली किंवा राहून गेली, हे त्याच्याजवळ बसून शोधावे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, हे ठाऊक असूनही पुष्कळ मुले प्रश्न कोरे सोडून येतात. तसे घडले असेल तर तो दोष अभ्यासाचा नसून सवयीचा आहे आणि तो दोन महिन्यांत जातो.

पटावर नाव ठेवून वसतिगृहात राहण्याचा सल्ला मात्र मानू नये. वर्षभर फक्त पर्यायी उत्तरांचे गोळे रंगवणारा मुलगा निवडला गेला नाही, तर सहावीचे विज्ञान, इंग्रजी आणि इतिहास हे सारेच मागे पडते, आणि त्यानंतर नववीच्या परीक्षेचा मार्गही बंद झाल्यासारखा होतो. निवडीची हमी कोणताही क्लास देऊ शकत नाही. गावातील शाळेतच शिकत राहून गणितासाठी एखादे चांगले शिक्षक मिळाले, शनिवार-रविवारी सराव प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि रोज अर्धा तास इंग्रजी वाचन केले, तर ते पुरेसे आहे. क्लासच्या फीचे पैसे शिल्लक ठेवावेत, कारण प्रवेश मिळाल्यावर सैनिक शाळेचे वार्षिक शुल्क लाखावर जाते. उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या आहेत, पण पहिला हप्ता बहुधा खिशातूनच भरावा लागतो आणि त्या वेळी केळीला भाव असेलच, असे नाही.

अनेक पालक या शाळेकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा रस्ता म्हणून पाहतात. आपलेही तेच उद्दिष्ट असेल, तर दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. राज्य शासनाने ती १९७७ मध्ये याच हेतूने काढली आणि आता नाशिकला मुलींसाठीही तशी संस्था सुरू झाली आहे. आजोबांना हे जरूर सांगावे.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गातील भिल्ल समाजाची एक हुशार मुलगी यंदा नवोदय विद्यालयाच्या परीक्षेत निवडली गेली नाही. तिला आणखी एक वर्ष पाचवीत ठेवून पुन्हा परीक्षेला बसवावे, असा पालकांचा आग्रह आहे. मुख्याध्यापकांचीही हरकत नाही. असे करता येईल का?
— एक शिक्षक, जि. नंदुरबार

उत्तर : नाही. नवोदयच्या सहावीच्या निवड परीक्षेला कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्यांदा बसता येत नाही, आणि पाचवी पुन्हा करणारा विद्यार्थी अपात्र ठरतो. अर्जासोबत मुख्याध्यापकांनी भरून द्यायच्या प्रमाणपत्रावर त्यांची सही असते, त्यामुळे हे उघडकीस आल्यास मुलीबरोबर तेही अडचणीत येतात. सैनिक शाळेच्या नियमांवरून नवोदयचा अंदाज बांधणे, ही आपल्या भागात सर्रास होणारी गफलत आहे. एकीकडे वयाची मर्यादा, दुसरीकडे एकच संधी, असा दोन्हींत मूलभूत फरक आहे.

नवोदयचे दार तिला पुन्हा आठवीत असताना उघडेल. नववीच्या रिकाम्या जागांसाठी स्वतंत्र परीक्षा होते. तीत अडीच तासांत १०० प्रश्न असतात : गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५ आणि हिंदी १५. मुलगी त्याच जिल्ह्यातील शाळेत आठवीत शिकत असली पाहिजे. सहावीच्या परीक्षेला न बसलेली किंवा बसून न निवडली गेलेली मुले या परीक्षेला बसू शकतात. ही परीक्षा इंग्रजी-हिंदीतून असते, म्हणून मराठी शाळेतील मुलीला सातवीपासूनच गणित आणि विज्ञानातील इंग्रजी शब्दांची ओळख करून द्यावी लागेल, आणि हे काम पालकांपेक्षा आपणच अधिक चांगले करू शकता.

तोवर तीन वर्षे वाट पाहण्याचे कारण नाही. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी एकलव्य आदर्श निवासी शाळा आहेत. त्यांची प्रवेश परीक्षा सहावीसाठी होते आणि सातवी ते नववीच्या रिक्त जागांसाठीही होते. त्यामुळे यंदा हुकलेली मुलगी सहावीत शिकत असताना सातवीच्या जागेसाठी पुन्हा अर्ज करू शकते, आणि त्यात तिचे वर्ष वाया जात नाही. तळोदा आणि नंदुरबार येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत सूचना लागतात. त्या गावापर्यंत उशिरा पोहोचतात, म्हणून हिवाळ्यात आपणच चौकशी ठेवावी. जातीचा दाखला आताच काढून ठेवावा. सैनिक शाळाही २०२१-२२ पासून मुलींना सहावीत प्रवेश देतात. तिचे वय बसत असेल तर तोही विचार करता येईल, पण वर्ग मागे जाण्याबद्दल वर लिहिले ते तिलाही लागू आहे.

एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. नवोदयच्या परीक्षेत भाषेचे २० प्रश्न चार उताऱ्यांवर असतात. घरी भिली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना त्या उताऱ्यांतील प्रमाण मराठी समजते, पण वाचायला वेळ जास्त लागतो, आणि दोन तासांत ८० प्रश्न सोडवताना तो वेळ बुद्धिमत्तेच्या ४० प्रश्नांतून वजा होतो. ज्या मुलीला बुद्धिमत्तेत कमी समजले जाते, तिची अडचण बरेचदा वाचनाच्या वेगाची असते. पुढच्या तुकडीला तिसरीपासून रोज एक नवा उतारा घड्याळ लावून वाचायला दिला, तर फरक दिसेल.

प्रश्न : माझी मुलगी भुसावळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत यंदा सातवीत आहे. जन्म नोव्हेंबर २०१४. सैनिक शाळेत सहावीला तिची निवड झाली नव्हती. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजसाठी अर्ज करता येईल का? तेथे एकदा निवड न झाल्यास पुन्हा बसता येते का?
— एक माता, भुसावळ

उत्तर : करता येईल. १९२२ पासून केवळ मुलांसाठी असलेल्या या संस्थेत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळतो. प्रवेश आठवीत होतो, वर्षातून दोनदा परीक्षा असते, आणि वयात बसत असेल तोवर पुन्हा बसता येते. जूनची परीक्षा पुढच्या जानेवारीच्या तुकडीसाठी आणि डिसेंबरची पुढच्या जुलैच्या तुकडीसाठी असते. तुकडीनुसार १ जानेवारी किंवा १ जुलै रोजी वय साडेअकरा वर्षांहून कमी नसावे आणि १३ पूर्ण झालेले नसावे. डिसेंबर २०२६ ची परीक्षा दिल्यास १ जुलै २०२७ रोजी आपली मुलगी १२ वर्षे ७ महिन्यांची, म्हणजे पात्र असेल. जून २०२७ च्या परीक्षेचा उपयोग नाही, कारण १ जानेवारी २०२८ पूर्वीच तिला १३ पूर्ण होतील. तेव्हा तिच्या हाती एकच संधी आहे, असे धरून चालावे.

तयारी मात्र सैनिक शाळेसारखी नाही. येथे पर्यायांतून उत्तर निवडायचे नसते. गणित २००, इंग्रजी १२५ आणि सामान्यज्ञान ७५ गुणांचे असून उत्तरे लिहावी लागतात, निबंध लिहावा लागतो, गणिताच्या पायऱ्या दाखवाव्या लागतात, आणि प्रत्येक विषयात ५० टक्के गुण आवश्यक असतात. लेखी परीक्षेनंतर मुलाखतही असते. अर्ज संस्थेकडून मागवून, भरून, पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडे पाठवायचा असतो. या येण्याजाण्यात दिवस जातात, म्हणून जाहिरात येताच मागणी नोंदवावी. अर्जासोबत मागील प्रश्नपत्रिकांची पुस्तिका मिळते. ती हाती आल्यावर बाजारातील मार्गदर्शकांआधी तीच सोडवायला घ्यावी.