दर्यापूरला येताय, तर फिल्टरचा जग घेण्याआधी पाणी ओळखा

आपण विचारले आहे की, बदलीमुळे आपण दोघे दर्यापूरला राहायला येत आहात, घर भाड्याचे असल्याने भिंतीला भोके पाडता येत नाहीत, तेव्हा विजेशिवाय चालणारा आणि फ्रिजच्या दारात मावणारा फिल्टरचा लहान जग (पाणी गाळणारे भांडे) कोणता घ्यावा. मी कोणत्याही कंपनीचे नाव सांगणार नाही, कारण या प्रश्नात जी गोष्ट सर्वांत आधी यायला हवी तीच आलेली नाही. त्या जगात आपण कोणते पाणी ओतणार आहात, पाणीपुरवठा योजनेच्या नळाचे की बोअरचे? आमच्या घरीही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि त्यापायी माझ्या आईला पाच महिने खारे पाणी प्यावे लागले.

आमचे गाव दर्यापूरप्रमाणेच पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे लागते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. आमच्या अंगणातील बोअरचे पाणी धुण्याभांड्यांसाठी, आणि पिण्याला शहानूर धरणावरील योजनेचे पाणी, अशी वाटणी वर्षानुवर्षे होती. योजनेचा नळ चार-पाच दिवसांआड येई. तो आला की घरातील प्रत्येक गुंड, घागर आणि ड्रम भरून ठेवायचे, मग फडक्याने गाळून ते पाणी माठात ओतायचे, हे काम आई स्वतः करीत असे आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला येताना त्याने असा एक जग आणला. पारदर्शक, देखणा, झाकणावर चार छोट्या रेघा दाखविणारा. ड्रममध्ये साठविलेले पाणी शिळे, त्यात काय पडते कोणी पाहिले आहे, आता बोअरचा नळ स्वयंपाकघरात आहेच, तो सोडायचा आणि जगात भरायचे, असे त्याने सर्वांना समजावले. मी म्हटले, की बोअरचे पाणी खारे आहे, ते या भांड्याने गोडे होणार नाही. त्यावर तो म्हणाला, "दादा, तू जुन्या सवयी सोडायलाच तयार नाहीस. पुण्यात आम्ही हेच पितो." पुण्याच्या नळाला खडकवासल्याचे धरणाचे पाणी येते, ते मुळातच गोडे असते, ही साधी गोष्ट मला त्या क्षणी सुचली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पहिल्या आठवड्यात तर भावाचेच खरे ठरले. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी अख्खी राहते, ती या पाण्यात मऊ शिजली. चहावर येणारी तेलकट साय गेली, पातेल्याच्या बुडाशी बसणारा पांढरा थर बसेना. घरातील सर्वांनी मान्य केले की भांडे कामाचे आहे. ड्रम भरणे हळूहळू मागे पडले आणि माठ कोपऱ्यात पालथा पडला. दहा-बारा दिवसांनी डाळ पुन्हा पूर्वीसारखी राहू लागली, तेव्हा बायकोने डाळीला दोष दिला, कारण झाकणावरच्या चारपैकी तीन रेघा अजून भरलेल्या होत्या.

त्या रेघा पाणी तपासत नाहीत. त्या केवळ दिवस मोजतात, आणि महिना उलटला की संपतात, मग त्या महिन्यात तुम्ही दहा लिटर गाळा की पाचशे. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. जगाच्या काडतुसात, म्हणजे आत बसवायच्या, बदलता येणाऱ्या फिल्टरमध्ये, दोन गोष्टी असतात. एक सक्रिय कार्बन, जो बहुधा नारळाच्या करवंटीपासून केलेला असतो आणि क्लोरीनचा वास व चव काढतो. दुसरे रेझिनचे बारीक मणी, जे पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात. डाळ शिजली ती या मण्यांमुळे. परंतु आमचे पाणी इतके जड, की महिनाभर पुरायचे मणी दहा दिवसांत भरून गेले. आणि आमच्या पाण्यातील खरा दोष जो मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, त्याला या दोन्हींपैकी कोणीही हात लावत नाही. ते पहिल्या दिवशीही तसेच होते.

आईला ते कळत होते. पुढे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "दिसाले साजरं हाय, पण घशाले खारंच लागते. त्यानं एवढ्या हौसेनं आणलं, मंग त्याले काहून दुखवावं?" तिला रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून तिने लोणचे आणि पापड सोडलेले होते. चैत्रात तपासणीला नेले तेव्हा रक्तदाब वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी तिला खाण्यावरून बोलणी दिली. ती खाली मान घालून ऐकत होती. घरी येताना मी अमरावतीहून पेनासारखे टीडीएस मीटर घेऊन आलो, लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत ते दाखविणारे. बोअरचे पाणी 1740, जगातील पाणी 1730. नवे काडतूस बसवून पाहिले, 1580. शेजारच्या घरी योजनेच्या नळाचे पाणी होते, ते दोनशेच्या आत. माठ मी त्याच संध्याकाळी धुऊन भरला. रक्तदाब पाण्यामुळेच वाढला असे मी म्हणणार नाही, त्याला दहा कारणे असतात. पण लिटरमागे एक ग्रॅम मीठ धरले तरी तीन लिटर पाण्यातून तीन ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. लोणच्याची फोड सोडून तिने काय मिळविले?

भाऊ अजूनही म्हणतो, की तो जग हलका होता, महागातला घ्यायला हवा होता. म्हणूनच मी कंपनीचे नाव सांगत नाही. जग हलका नव्हता. तो ज्या पाण्यासाठी केलेला आहे त्यासाठी उत्तम आहे, आणि आजही तो आमच्या घरी योजनेच्या पाण्यासाठी वापरात आहे. टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, जास्त पडली की नळाच्या पाण्याला जो उग्र वास येतो तो त्यात साफ निघून जातो.

तेव्हा आपल्या भाड्याच्या घरी योजनेचा नळ असेल आणि मीटरचा आकडा पाचशेच्या आत असेल, तर जग निःशंक घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा 500 आहे आणि दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतले जाते. घेताना डब्यावर एनएसएफ 42 (एनएसएफ या अमेरिकी संस्थेचे मानक) हा शिक्का पाहा, तो क्लोरीन, चव आणि वासासाठी असतो. शिसे वगैरे काढल्याचा दावा असेल तर एनएसएफ 53 हवा. जगाचे जे माप छापलेले असते त्यात वरच्या कप्प्याचे पाणीही धरलेले असते, त्यामुळे अडीच लिटरच्या जगात गाळलेले पाणी दीड लिटरच्या आसपास मिळते. काडतूस साधारण शंभर ते दीडशे लिटरचे असते. दोघांचे पिणे, चहा आणि वरण मिळून आठ लिटर धरले, तर ते बारा ते एकोणीस दिवसांत संपेल, रेघा काहीही दाखवोत. काडतूस दर्यापुरात मिळेलच असे नाही, म्हणून जगाच्या आधी अमरावतीला किंवा अकोल्याला त्याची काडतुसे कायम मिळतात का, हे विचारून घ्या.

घरी फक्त बोअर असेल, तर जगावर एक रुपयाही घालवू नका. आरओ, म्हणजे विरघळलेले मीठही काढणारा फिल्टर, लागेल, आणि तो ओट्यावर ठेवायचा, नळाला जोडून भिंतीला भोक न पाडता चालणारा मिळतो, मात्र त्याला वीज लागते. आरओ सर्रास बसविण्याच्या मी विरुद्ध आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये, पाचशेपेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ नको, असेच निर्देश दिले होते. परंतु खारपाणपट्ट्यातील बोअरला दुसरा उपाय नाही. त्याचे वाया जाणारे पाणी फरशी पुसायला वापरा, परसातील झाडांना घालू नका, कारण त्यात मीठ आणखी घट्ट झालेले असते आणि आपली काळी जमीन ते सोडत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. साधा जग जंतू मारत नाही, आणि ड्रममध्ये चार दिवस राहिलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. म्हणून पावसाळ्यात पाणी आधी उकळा, निवू द्या, मग जगात ओता. ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य केंद्रात जंतू तपासण्याची एच-टू-एसची छोटी बाटली मिळाली तर तीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवून पाहा, काळे पडले तर ते पाणी तसेच पिऊ नका.

आणि मीटरला फ्लोराइड दिसत नाही. आपली पुढची बदली यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा किंवा झरी जामणीकडे झाली, तर तिथले बोअरचे पाणी गोडे लागेल, मीटरचा आकडाही चांगला येईल, तरी त्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेवर असू शकते. ते उकळल्याने कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने वाढते, आणि साध्या जगातूनही जसेच्या तसे खाली येते. त्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत एक बाटली पाणी द्यावे लागेल. दर्यापूरला आल्यावर घरमालकांना नळ कुठला आहे ते विचारा, मीटरचा आकडा इथे लिहा, मी पुढचे सांगेन.